की-बोर्ड, ऑक्टापॅड, सिंथ संगणकाला जोडताना: मिडी, आवाज आणि मधल्या खाचाखोचा

जोडणीकर

की-बोर्डच्या मागे चौकोनी यूएसबी सॉकेट असतं. केबल लावली, संगणकाने टिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डचं बटण दाबलं आणि ट्रॅक कोराच. की-बोर्डच्या स्पीकरमधून आवाज येतोय, संगणकात काहीच नाही. हा प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून एकदाच सविस्तर.

बहुतेक वाद्यांच्या यूएसबीतून आवाज येतच नाही, मिडी येतं. मिडी म्हणजे हालचालींची नोंद: कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की तीन बाइट निघतात, समजा १४४, ६०, १००. पहिल्याचा अर्थ 'स्वर सुरू, चॅनल १', दुसरा पट्टीचा क्रमांक, तिसरा जोर. क्रमांक आणि जोर दोन्ही ० ते १२७ मध्ये. काळी एक म्हणजे ६१, पांढरी दोन ६२. पट्टी सोडली की 'स्वर बंद'चे तीन बाइट. काही वाद्यं त्याऐवजी जोर ० असलेला 'स्वर सुरू' पाठवतात. अर्थ तोच, त्यामुळे मिडी-मॉनिटरमध्ये (आलेले बाइट ओळीओळीने दाखवणारा प्रोग्राम, खाली येतोच) असं दिसलं तर घाबरू नका.

आता या तीन बाइटांत पियानोही नाही आणि बासरीही नाही. ते ऐकू यायचे तर संगणकात सॉफ्टवेअर-वाद्य हवं, नाहीतर ते बाइट परत कुठल्यातरी वाद्याकडे पाठवायला हवेत. म्हणून केबल विकत घेण्याआधी ठरवा: तुम्हाला नोंद न्यायची आहे की वाद्याचा स्वतःचा आवाज? नोंद नेली तर नंतर एखादा चुकलेला स्वर माऊसने सरकवता येतो, लय बदलता येते, पियानोचं सतार करता येतं. आवाज नेला तर वाद्याचा जो टोन आवडतो तोच मिळतो, पण वाजवलं ते वाजवलं. दोन्ही एकदम नेणं सगळ्यात चांगलं आणि ते अवघड नाही: यूएसबीतून मिडी, लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणारं सॉकेट) ऑडिओ इंटरफेसकडे (आवाज संगणकात नेणारी पेटी) आवाज, दोन ट्रॅक एकाच वेळी.

मिडीचे रस्ते तीन.

यूएसबी: वाद्यावर 'टू होस्ट' लिहिलेलं चौकोनी सॉकेट संगणकासाठी. शेजारी 'टू डिव्हाइस' लिहिलेलं चपटं असेल तर ते पेन ड्राइव्हसाठी. दोन्ही टोकं चपटी असलेली केबल शोधून त्या दुसऱ्या सॉकेटातून संगणक जोडायचा प्रयत्न करू नका. दोन्ही बाजू ५ व्होल्ट पाठवणाऱ्या असतात, कुठलीतरी एक जळू शकते.

पाच पिनी गोल मिडी: १९८३ पासून तेच सॉकेट, तोच वेग, सेकंदाला ३१,२५० बिट. त्या वर्षी जानेवारीत नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शिअल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन कंपन्यांचे सिंथ एकमेकांना जोडून दाखवले गेले. तेव्हाचं वाद्य आजच्या संगणकाला अजूनही जोडता येतं. संगणक क्षेत्रात इतकी जुनी जोडणी क्वचितच टिकली असेल. पाचपैकी कामाच्या पिना तीनच: ४ आणि ५ वर संकेत, २ वर आवरण. १ आणि ३ रिकाम्या. केबल १५ मीटरपर्यंत.

साडेतीन मिलिमीटरचा छोटा जॅक: नव्या छोट्या यंत्रांवर हाच असतो. दिसतो हेडफोनसारखा, पण आत मिडी असतं. याचे 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार. 'ए'मध्ये जॅकचं टोक पिन ५ ला आणि मधली कडी पिन ४ ला. 'बी'मध्ये नेमकं उलट. २०१८ मध्ये 'ए' प्रमाण ठरला, त्याआधीची बरीच यंत्रं 'बी' आहेत. चुकीचा प्रकार लावला तर काही बिघडत नाही, फक्त काही घडतही नाही. वाद्याचं मॅन्युअल बघून मगच कन्व्हर्टर घ्या.

जोडल्यावर थेट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडू नका. आधी मिडी-मॉनिटर उघडा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, दोन्ही फुकट. पट्टी दाबल्यावर तिथे ओळ उमटली, म्हणजे केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक. उमटली नाही तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तास घालवून उपयोग नाही, दोष अलीकडे आहे. पहिला संशय केबलवर घ्या: मोबाइल चार्जिंगच्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. मॉनिटरमध्ये ओळी दिसतात पण सॉफ्टवेअरमध्ये नाही, तर मॉनिटर बंद करा आणि पुन्हा बघा. विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांत बहुतेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला पोर्ट देतात. पहिल्याने धरून ठेवलं की दुसरा उपाशी.

आवाजाच्या बाजूबद्दल 'पाव इंची' यांनी लिहावं, त्यांचा हात जास्त बसलेला आहे.

पाव इंची
*आवाजाची बाजू*

लिहितो.

वाद्याच्या मागे 'एल/मोनो' आणि 'आर' असे दोन पाव इंची जॅक असतील तर तेच वापरा. इंटरफेसच्या दोन इनपुटांत दोन केबली, स्टिरिओ ट्रॅक. एकच इनपुट मोकळं असेल तर फक्त 'एल/मोनो'त केबल लावा आणि 'आर' रिकामा ठेवा. 'आर' रिकामा असला की वाद्य स्वतःच दोन्ही बाजू एकत्र करून देतं.

लाइन-आउट नसून फक्त हेडफोनचं सॉकेट असेल तर इथे एक खड्डा आहे आणि लोक त्यात पडतातच. हेडफोनचा तीन भागांचा (टोक, कडी, आवरण) जॅक तीन भागांच्याच केबलने इंटरफेसच्या एका बॅलन्स्ड इनपुटात सरळ लावला, तर आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा येतो. कारण बॅलन्स्ड इनपुट टोकावरच्या संकेतातून कडीवरचा संकेत वजा करतं. हेडफोनच्या जॅकमध्ये टोकावर डावा आवाज आणि कडीवर उजवा. म्हणजे डावा वजा उजवा! दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, बेस, किक, मुख्य स्वर, गायब. उरते ती रिव्हर्बची, म्हणजे घुमाऱ्याची, वाफ. उपाय: एका बाजूला स्टिरिओ जॅक आणि दुसरीकडे दोन वेगळे मोनो जॅक असलेली वाय केबल, आणि दोन इनपुट.

इनपुटवरचं बटण 'लाइन'वर. 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' हे गिटारसाठी, त्याचा रोध १ मेगाओहमच्या आसपास असतो. की-बोर्ड तिथे लावला तर आवाज चटकन फाटतो. ४८ व्होल्टचं फॅन्टम (काही माइकांना लागणारी वीज) बंद ठेवा. वाद्याचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवा आणि बाकीचं इंटरफेसच्या गेनने (इनपुटचा आवाज वाढवणारं बटण) जुळवा. वाद्याचा आवाज अगदी कमी ठेवून गेन पूर्ण वर नेला तर स्वराबरोबर खरखरही वाढते. सगळ्यात जोरकस तुकडा वाजवून मीटर उणे १२ डेसिबलपर्यंत जाऊ द्या. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये याहून वर ढकलून मिळत काही नाही.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लाइन-आउट लावू नका. ते इनपुट मोनो असतं, माइकच्या क्षीण संकेतासाठी बनवलेलं असतं आणि त्यावर माइकला लागणारा थोडा व्होल्टही असतो. 'येतोय की आवाज' म्हणाल, पण तो फाटलेलाच येणार.

अनाहत७
*पाच पिनी ते यूएसबी केबल*

वाद्य जुनं आहे, फक्त पाच पिनी इन आणि आउट. यूएसबीला पाच पिनी दोन शेंड्या असलेली तयार केबल लावली. एका शेंडीवर 'इन' लिहिलंय, दुसरीवर 'आउट'. 'इन'ला 'इन' लावलं. संगणकात यंत्र दिसतं, पण मॉनिटर कोरा. केबल खराब समजायची का?

जोडणीकर

आधी शेंड्या अदलाबदल करून बघा. नियम असा की एकाचं आउट दुसऱ्याच्या इनमध्ये. बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाला. केबलवरची 'इन' ही शेंडी संगणकाचं इन, म्हणून ती वाद्याच्या आउटमध्ये. पण काही केबलींवर 'ही वाद्याच्या इनमध्ये लावा' या अर्थाने 'इन' छापलेलं असतं. म्हणून छापलेल्यावर विसंबू नका, उलटसुलट लावून बघणं निर्धोक आहे.

अदलाबदल करूनही कोरा असेल तर वाद्याच्या मिडी मेनूत 'ट्रान्समिट' बंद नाही ना ते पाहा. मग केबल.

स्वस्त केबलींबद्दल थोडं. मिडीच्या मूळ रचनेत घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर असतो. ५ मिलिअँपियरचा प्रवाह एक छोटा प्रकाशदिवा चालू-बंद करतो, पलीकडे प्रकाशसंवेदक तो वाचतो. दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध राहत नाही. अगदी स्वस्त केबलींत हा भाग वगळलेला सापडतो. एकेक स्वर जातो, पण दहा बोटांचा कॉर्ड मारला की एखादा स्वर अडकून राहतो, किंवा वाद्याची सगळी सेटिंग साठवणारा लांबलचक सिसेक्स संदेश अर्धवट येतो. सिसेक्स २४० ने सुरू होतो आणि २४७ ला संपतो. मॉनिटरमध्ये शेवटी २४७ दिसला नाही तर बॅकअप झालाच नाही असं समजा. स्वर वाजवण्यापुरती केबल चालेल, बॅकअपसाठी चांगला मिडी इंटरफेस घ्या किंवा ऑडिओ इंटरफेसवरच पाच पिनी सॉकेट असेल तर तेच वापरा.

अनाहत७

अदलाबदल केल्यावर ओळी आल्या. पण अजून काही नाही वाजवलं तरी सेकंदाला तीन-चार वेळा २५४ येत राहतं. हे काय?

जोडणीकर

ती नाडी आहे. 'अॅक्टिव्ह सेन्सिंग' म्हणतात, 'मी अजून जोडलेला आहे' एवढंच सांगणारा एक बाइट. साधारण ३०० मिलिसेकंदांच्या आत येत राहतो. थांबला तर घेणाऱ्याने केबल निघाली असं समजून वाजणारे स्वर बंद करायचे असतात. मॉनिटरच्या फिल्टरमधून लपवा. २४८ येत राहिला तर ती लय आहे, एका मात्रेला २४ ठोके. वाद्यातला ऱ्हिदम संगणकाशी बांधायचा नसेल तर मेनूतून बंद करा.

तीव्र मध्यम
*उशीर*

मिडी जमलं, सॉफ्टवेअरचा पियानो लागला, पण पट्टी दाबल्यावर आवाज मागून येतो. द्रुत लयीत वाजवणं अशक्य. यूएसबी बदलून फरक पडेल का?

पाव इंची

नाही. उशीर मिडीचा नाही. पाच पिनी केबलवरसुद्धा एक बाइट ०.३२ मिलिसेकंदात जातो, म्हणजे एक स्वर साधारण एका मिलिसेकंदात. दहा बोटांचा कॉर्ड साडेनऊपर्यंत जातो, तेही वाद्याने पहिला बाइट दर वेळी नव्याने पाठवला तर. यूएसबीवर याहून कमी.

उशीर आवाजाच्या बफरमध्ये आहे. संगणक आवाजाचा एकेक नमुना (क्षणाक्षणाचं मोजमाप) न पाठवता मूठमूठ पाठवतो. मुठीत १०२४ नमुने आणि वेग सेकंदाला ४४,१०० नमुने असेल तर एक मूठ २३ मिलिसेकंदांची. ५१२ ला ११.६, २५६ ला ५.८, १२८ ला २.९. यावर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. तुलनेसाठी: हवेतून आवाज १ मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. म्हणजे १० मिलिसेकंद उशीर म्हणजे स्पीकरपासून तीन-साडेतीन मीटर लांब बसून वाजवल्यासारखं. तेवढं चालतं. २५ च्या पुढे हात अडखळतात.

विंडोजवर ड्रायव्हर 'असिओ' निवडा, आणि इंटरफेस बनवणाऱ्याचा स्वतःचा. सॉफ्टवेअरमध्ये 'एमएमई' किंवा 'डायरेक्ट साउंड' निवडलेलं असेल तर तिथेच शंभर मिलिसेकंद जाऊ शकतात. इंटरफेस नसेल तर असिओ-फोर-ऑल आहे, पण ती दुधाची तहान ताकावर. लॅपटॉपचीच चिप वापरतो, मधले थर वगळतो एवढंच. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच बरा आहे, बफर कमी केला की झालं.

आणि हेडफोन वायरचा हवा. ब्लूटूथ हेडफोन शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज खातो. बाकी सगळं नीट केलं आणि शेवटी ब्लूटूथ लावला तर सगळी मेहनत पाण्यात.

षड्ज_ग्राम

सरळ ६४ वर ठेवा आणि विसरून जा. आजचे प्रोसेसर सहज पेलतात.

पाव इंची

@षड्ज_ग्राम, इथे असहमत. एक साधा पियानो लावलात तर पेलतील. वीस ट्रॅक, तीन रिव्हर्ब आणि मोठी सॅम्पल लायब्ररी असेल तर ६४ वर टकटक, फटफट सुरू होते, आणि कधी कधी ती रेकॉर्डमध्येही उतरते. वाजवताना १२८, मिक्स करताना १०२४, अशी सवय लावा. बफर बदलल्याने आवाजाचा दर्जा बदलत नाही, त्यामुळे मिक्स करताना मोठा ठेवण्यात तोटा काही नाही.

१२८ वरही टकटक असेल तर प्रोसेसर कमी पडतोय असं लगेच समजू नका. विंडोजवर लेटन्सीमॉन दहा मिनिटं चालू ठेवा. बरेचदा वायफायचा ड्रायव्हर मधेच प्रोसेसर अडवून बसलेला सापडतो. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स', आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत 'वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करू द्या' या ओळीवरची खूण काढा. वाद्य दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप गायब होतं, या तक्रारीमागे बऱ्याच वेळा हीच खूण असते.

षड्ज_ग्राम

मान्य. ६४ चं मी एका ट्रॅकच्या हिशोबाने म्हटलं. एक भर घालतो: इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' बटण असेल तर वाद्याचा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करताना ते चालू करा. आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला येतो, उशिराचा प्रश्नच मिटतो. मात्र सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटर (ट्रॅकमधून आवाज ऐकवणारं बटण) तेव्हा बंद हवं. दोन्ही चालू राहिले तर एकच स्वर काही मिलिसेकंदांच्या फरकाने दोनदा ऐकू येतो आणि आवाज नळीतून आल्यासारखा लागतो.

ताल_सोळा
*ऑक्टापॅड आणि पॅडवाली वाद्यं*

पॅडचं गणित थोडं वेगळं आहे. एसपीडी-२० ला फक्त पाच पिनी मिडी, एसपीडी-३० ला यूएसबीही.

रोलंडच्या बऱ्याच वाद्यांत यूएसबी ड्रायव्हरचं सेटिंग असतं: 'जेनेरिक' आणि 'व्हेंडर' किंवा 'ओरिजिनल'. जेनेरिक म्हणजे संगणकातला तयार ड्रायव्हर चालतो. दुसरं म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. सेटिंग बदलल्यावर वाद्य बंद करून पुन्हा चालू करायचं, नाहीतर बदल लागूच होत नाही.

पॅड वाजवल्यावर ढोलाऐवजी पियानोचे तुटक स्वर आले तर चॅनल बघा. जनरल मिडीत चॅनल १० तालवाद्यांसाठी राखीव. तिथे ३६ किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडी. ऑक्टापॅडवर प्रत्येक पॅडचा क्रमांक आपण ठरवू शकतो, त्यामुळे कुणीतरी आधी बदललेले असतील तर किकच्या जागी काउबेल वाजणारच. एकेक पॅड मारा, मॉनिटरमधला क्रमांक कागदावर टिपा, मग सॉफ्टवेअरमधल्या ड्रम-वाद्याचा नकाशा त्याला जुळवा. पॅडवरचे क्रमांक बदलण्यापेक्षा हे बरं, कारण कार्यक्रमासाठी बसवलेले किट हलत नाहीत.

एका ठोक्याला दोन ओळी उमटतात, दुसरीचा जोर २०-३०? काठी उसळून पडतेय किंवा शेजारच्या पॅडचा हादरा पोचतोय. दुसरी ओळ त्याच क्रमांकाची असेल तर रीट्रिगर, म्हणजे 'मास्क टाइम' थोडा वाढवा. वेगळ्या क्रमांकाची असेल तर क्रॉसटॉक, तो शेजारच्या पॅडवर वाढवायचा. मास्क टाइम फार वाढवला तर 'धिरधिर'सारखे जलद बोल गिळले जातात, म्हणून दोन-दोन मिलिसेकंदांनी सरका.

जोराचा वक्रही वाद्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे लावू नका. एका ठिकाणी 'लिनिअर' ठेवा. दोन वक्र एकावर एक बसले की मधला जोर सापडतच नाही, एकतर फुसका नाहीतर धाडकन.

कोमल_रे
*प्रत्येक स्वर दोनदा*

यूएसबीने की-बोर्ड जोडला की प्रत्येक स्वर दोनदा वाजतो, किंचित पुढेमागे. केबल काढली की ठीक.

जोडणीकर

हे 'लोकल कंट्रोल'चं काम. पट्टी दाबली की वाद्य स्वतः वाजतं. तोच स्वर संगणकाकडे जातो, सॉफ्टवेअर तो ट्रॅकमधून की-बोर्डकडे परत पाठवतं, वाद्य पुन्हा वाजतं. बहुस्वरांची क्षमताही निम्म्यावर येते, म्हणून पॅडल दाबून वाजवताना आधीचे स्वर तुटायला लागतात.

दोन उपाय. ट्रॅकचं मिडी आउटपुट की-बोर्डऐवजी सॉफ्टवेअर-वाद्याकडे वळवा. किंवा की-बोर्डच्या मेनूत 'लोकल ऑफ' करा. मग पट्ट्या फक्त नोंद पाठवतात आणि आतलं ध्वनियंत्र फक्त बाहेरून आलेलं वाजवतं. मेनू सापडत नसेल तर कंट्रोलर (पट्ट्यांखेरीजच्या हुकमांचा मिडी संदेश) १२२, किंमत ० पाठवली तरी बरीच वाद्यं ऐकतात. पुढच्या वेळी संगणकाशिवाय चालू केल्यावर आवाज आला नाही तर वाद्य बिघडलं म्हणून दुरुस्तीला नेऊ नका, लोकल परत चालू करा.

याचाच भाऊबंद: ज्या वाद्यांच्या यूएसबीतून आवाजही जातो त्यांतल्या काहींत 'ऑडिओ लूपबॅक' असतं, म्हणजे संगणकातून आलेला आवाज परत संगणकाकडे जातो. ते चालू आणि ट्रॅकचं मॉनिटरही चालू असेल तर आवाज गोल फिरत वाढत जातो. आधी हेडफोन कानावरून काढा, मग लूपबॅक बंद करा.

खर्ज
*घूं घूं*

लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज, आणि माऊस हलवला की किरकिर. चार्जर काढला की शांत. यावर कुणी लिहिलं नाही.

पाव इंची

चार्जर काढून बघितलंत, तिथेच निदान झालं. वाद्य, संगणक आणि स्पीकर हे अर्थिंगने एकदा जोडलेले आहेत आणि यूएसबी व ऑडिओ केबलच्या आवरणातून दुसऱ्यांदा. असं कडं तयार झालं की त्यातून विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण आणि यूएसबीवरची किरकिर आवाजात मिसळते.

क्रमाने करा. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. मग इंटरफेस ते स्पीकर या केबली बॅलन्स्ड करा, म्हणजे तीन भागांच्या जॅकच्या, दोन्ही टोकांना. बऱ्याचदा इथेच संपतं. वाद्याचं आउटपुट बॅलन्स्ड नसेल तर वाद्य आणि इंटरफेसच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे संकेत बॅलन्स्ड करून देणारी छोटी पेटी. तो लाइन पातळीवर नाही तर माइक पातळीवर संकेत देतो, म्हणून एक्सएलआर (माइकच्या तीन पिनी) इनपुटात लावा आणि गेन वाढवा.

यूएसबी काढून पाच पिनी मिडी वापरला तरी कडं तुटतं, वर सांगितलेल्या ऑप्टोकपलरमुळे. जुनं सॉकेट इथे नव्यापेक्षा सरस ठरतं. यूएसबी आयसोलेटरही मिळतात, पण बरेचसे १२ मेगाबिटपर्यंतचे. फक्त मिडीच्या वाद्याला पुरतात, हाय-स्पीड ऑडिओ इंटरफेसला नाही.

आणि प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडू नका. घूं थांबेल, पण वाद्याच्या धातूच्या पेटीत कधी वीज उतरली तर ती तुमच्या हातातून जाईल.

लिनक्सवाला

लिनक्सवर थोडक्यात. यूएसबी मिडीवाली प्रमाण वाद्यं ड्रायव्हरशिवाय चालतात, जेनेरिक मोडवर ठेवा. वापरकर्ता 'ऑडिओ' गटात आणि रिअल-टाइम प्राधान्य चालू हवं, नाहीतर बफर कमी केला की टकटक. पाइपवायर (आवाज आणि मिडी इकडून तिकडे नेणारी यंत्रणा) असलेल्या वितरणांत 'जॅक' नावाच्या जुन्या ध्वनी-यंत्रणेची वेगळी खटपट लागत नाही. क्यूपीडब्ल्यूग्राफ उघडून वाद्याच्या खोक्यातून सॉफ्टवेअरच्या खोक्यात माऊसने तार ओढा. मॉनिटरमध्ये स्वर दिसतात आणि सॉफ्टवेअर मुकं असेल तर ही तार ओढायची राहिलेली असते. एकच पोर्ट दोन प्रोग्रामना देता न येण्याची विंडोजवाली अडचण इथे नाही.

तीव्र मध्यम
*सूर उतरलेला*

उशीर गेला, आभार. आता वेगळंच: की-बोर्डचा आवाज काल रेकॉर्ड केला, आज उघडल्यावर सगळं संथ आणि जवळपास दीड पट्टी खाली वाजतं. सॉफ्टवेअर-पियानो मात्र सुरात. ट्रान्सपोज शून्य आहे.

पाव इंची

रेकॉर्डिंग ४८,००० वर झालं आणि आज प्रोजेक्ट ४४,१०० समजून वाजवतोय. या दोहोंतला फरक १.४७ सेमीटोन भरतो, म्हणजे तुमची 'जवळपास दीड पट्टी' बरोबर. मिडीला नमुन्यांशी देणंघेणं नसतं, म्हणून पियानो सुरात. प्रोजेक्ट आणि इंटरफेस दोन्ही ४८,००० वर आणा. दुसऱ्या प्रोग्रामने, ब्राउझरनेसुद्धा, मागच्या मागे वेग बदललेला असू शकतो.

बरोबर एक सप्तक खाली-वर असेल तर तो वेगळा मामला. ६० क्रमांकाच्या पट्टीला यामाहा सी-३ म्हणते, रोलंड सी-४. नावं जुळवत बसू नका, क्रमांक बघा.

कोमल_रे
*मींड*

पिच व्हीलने मींड घेतली तर वाद्यात पाच पट्ट्या जाते आणि सॉफ्टवेअरमध्ये दोनच. नोंद तर तीच आहे ना?

जोडणीकर

नोंद तीच, अर्थ वेगळा. व्हील ० ते १६,३८३ मधला आकडा पाठवतं, मध्य ८,१९२. त्या आकड्याचे किती सूर करायचे हे घेणारा ठरवतो, आणि न सांगता बहुतेक जण दोन सेमीटोन धरतात. सॉफ्टवेअर-वाद्यात 'बेंड रेंज' ५ करा. सापडत नसेल तर ट्रॅकच्या सुरुवातीला हे कंट्रोलर याच क्रमाने टाका: १०१ ला ०, १०० ला ०, ६ ला ५, ३८ ला ०. शेवटी १०१ आणि १०० दोन्हींना १२७, म्हणजे दार बंद. हे शेवटचं विसरलं तर नंतर चुकून हललेला कंट्रोलर ६ रेंज बदलून टाकतो आणि मींड भलत्याच स्वरावर उतरते. मींड स्वर धरलेला असताना चॅनलभर लागू होते हेही ध्यानात ठेवा. त्याच चॅनलवर डाव्या हाताने षड्ज धरून ठेवला असेल तर तोही वाकेल. षड्ज दुसऱ्या चॅनलवर द्या.

अनाहत७

ब्लूटूथ मिडीचं डोंगल लावलं तर पाच पिनी केबलची कटकट जाईल का?

षड्ज_ग्राम

हार्मोनियमसारखं संथ, भरीव वाजवायला चालतं. ब्लूटूथ हेडफोनइतकं वाईट नाही, कारण आवाज जात नाही, तीन-तीन बाइट जातात. अडचण उशिरापेक्षा उशिराच्या अनियमितपणाची. बाइट ठरावीक अंतराने गठ्ठ्याने जातात, त्यामुळे सारख्या अंतरावरचे ठोके किंचित पुढेमागे पडतात. ऑक्टापॅडला लावू नका.

जोडायची रीतही वेगळी. मॅकवर नेहमीच्या ब्लूटूथ यादीतून न जोडता 'ऑडिओ मिडी सेटअप'मधल्या ब्लूटूथ खिडकीतून जोडा. विंडोजवर यंत्र जोडलं गेलं तरी बऱ्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. मिडीबेरी या प्रोग्रामने ते घ्यायचं आणि लूपमिडी या दुसऱ्या प्रोग्रामच्या आभासी पोर्टमधून पुढे द्यायचं. मुक्कामाला पोचतं, पण दोन गाड्या बदलून. केबल जवळपास पोचत असेल तर केबलच बरी.

खर्ज

बॅलन्स्ड केबलींनी घूं गेली. शेवटचं एक: सस्टेन पॅडल उलटं चालतं. पाय ठेवला की स्वर तुटतो, उचलला की लांबतो. मॉनिटरमध्ये कंट्रोलर ६४ येतो, पण पाय वर असताना १२७.

ताल_सोळा

वाद्य चालू करताना पाय पॅडलवर होता. बरीच वाद्यं चालू होताना पॅडलची जी स्थिती असेल ती 'सोडलेली' धरतात. पाय बाजूला घ्या, वाद्य बंद करा, पुन्हा चालू करा. तरीही उलटं असेल तर पॅडल दुसऱ्या घडणीचं आहे. खाली छोटं स्विच असेल तर सरकवा, नाहीतर मेनूत 'पोलॅरिटी' उलटी करा.

आधी रेकॉर्ड झालेलं फुकट घालवू नका. ट्रॅकमधल्या ६४ च्या किमती निवडून उलट करा, ० चे १२७ आणि १२७ चे ०. पॅडल साधं चालू-बंद असेल तर अख्खं वादन सुधारतं. शेवटी एक स्वर लोंबकळत राहिला तर ट्रॅकच्या टोकाला ६४ ची एक ० ठेवा.